बोटीला पैसे आहेत, मग ती पाण्यात उतरवायला का नाहीत?

वाघूरकाठी
आमच्या तालुक्यात पूर-बचावासाठी आणखी एक रबरी बोट घ्यायची चर्चा चालली आहे. माझं मत विरोधात. आहे ती बोट पुरे. आधी ती काठावरून उतरवायचं आणि परत काढायचं साधन घ्या. तापीचा काठ ज्याने पावसाळ्यात पाहिलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. गाळाचे उभे कडे, मधूनमधून घळी, खाली काळा चिखल. डांबरी रस्ता संपतो तिथपासून पाण्यापर्यंतच खरा वेळ जातो.

इंग्लंडची आरएनएलआय ही बोटींनी माणसं वाचवणारी संस्था १८२४ पासून हेच काम करते. त्यांची किनाऱ्याजवळची छोटी बोट, डी क्लास, पाच मीटरची. ती ट्रॉलीवरून ढकलत नेतात. त्याहून मोठी अटलांटिक ८५ पावणेदोन टनांच्या पुढे जाते. तिच्यासाठी वेगळी ट्रॉली आणि इंजिनात पाणी शिरू नये असा बंदिस्त केलेला ट्रॅक्टर असतो. चालक ट्रॅक्टरसकट लाटांत शिरतो. परत येताना बोट सरळ ट्रॉलीवर चढवतात, पुढे लावलेली जाळी तिला धरते. १८९९ च्या जानेवारीत लिनमथ गावात वादळामुळे बोट उतरवता येईना, तेव्हा माणसांनी नि घोड्यांनी ती डोंगरावरून वीसेक किलोमीटर ओढत पोरलॉक वेअरला नेली आणि तिथून सोडली. पुढे घोडे जाऊन ट्रॅक्टर आले. आपण अजून घोड्यांपर्यंतही पोचलेलो नाही.

अनेरकर
भाऊ, तो समुद्र आहे. खाली वाळू, भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापलेलं. इथे हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांपैकी किती उघडणार त्यावर पाणी कुठे असेल ते ठरतं. काळ्या मातीत ट्रॅक्टर न्याल तर तो अॅक्सलपर्यंत बसेल, मग बोटीआधी ट्रॅक्टर वाचवा! आपली बोट रबरी आहे. इंजिन काढलं की पोरं उचलून नेतात. चाळीस एचपीचं इंजिन सत्तर किलोच्या पुढे भरतं, ते दोघांनी धरायचं. पैसा घालायचाच तर काठावरच्या भोई पोरांच्या प्रशिक्षणात घाला. त्यांच्याइतकी नदी कोणत्याच अधिकाऱ्याला कळत नाही.

वाघूरकाठी
प्रशिक्षणाला कोण नाही म्हणतंय? पण गुडघाभर चिखलात सत्तर किलोचं इंजिन धरून दोघं चालले आणि एकाचा पाय घसरला, तर इंजिन गेलं आणि दिवसही गेला. शिवाय तुम्ही फक्त उतरवण्याचं बोलताय. परत येताना बोटीत म्हातारी माणसं, लेकरं असतात. मधल्या वेळात धरणाचे दरवाजे उतरवले की पाणी मागे सरतं आणि जिथून निघालात तिथे नुसता चिखल उरतो. काढायला दुसरी जागा शोधावी लागते. चाकावरचं साधन हवं ते यासाठीच.

यावलचा_ट्रॅक्टरवाला
दोघं बी अर्धे बरोबर. शेतातली ट्रॉली चालणार नाही भो, तिचा तळ उंच असतो. बोट तरंगेपर्यंत ट्रॅक्टरचं हेड पाण्यात जातं. सांगाडा बुटका पाहिजे, दांडी लांब पाहिजे, म्हणजे ट्रॉली पाण्यात आणि ट्रॅक्टर कोरड्यात. हूक ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला लावला तर ट्रॉली समोर दिसते, रिव्हर्सची झंझट नाही. चाकांचे हब धावून गरम झालेले असताना थंड पाण्यात बुडवले की आत पाणी ओढतात, बेअरिंग गेलंच समजा. दर वेळी ग्रीस भरावं लागेल. वर हाताने फिरवायची विंच बसवा, दोर गुंडाळून बोट ओढायला. जळगावच्या एमआयडीसीत कोणीही फॅब्रिकेटर करून देईल, परदेशी काही आणायची गरज नाही. चिखलावर पऱ्हाट्यांचे भारे आडवे टाकायचे, आमच्याकडे केळीचे खांबही आहेत. त्यावरून रबरी बोट चांगली सरकावी.
पूर उना का पयले दोर लागस, मंग बोट. हे बी ध्यानात ठेवा.

अनेरकर
केळीच्या खांबांवरून बोट सरकेल, आणि तुम्हीही सरकाल 😀 पण बुटक्या ट्रॉलीचं पटलं. त्या बंदिस्त ट्रॅक्टरचं मात्र स्वप्न सोडा.

पांझराकाठ
२०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात तितूर-डोंगरीचं पाणी थेट बाजारपेठेत शिरलं होतं. अशा वेळी काठ कुठला नि चिखल कुठला? रस्ता जिथे पाण्यात बुडतो, तीच उतरण. पक्की, डांबरी, फुकट. अडचण वेगळीच आहे: एसडीआरएफची, म्हणजे राज्याच्या आपत्ती दलाची, तुकडी धुळ्यात, आणि मुक्ताईनगर तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तालुक्याला जवळची बोट हवी, म्हणून मी नव्या बोटीच्या बाजूने.

अनेरकर
थांबा, हे धोक्याचं आहे. शहरातल्या गल्लीत ठीक. पण गावाबाहेर रस्ता बुडतो तो बहुतेक फरशी पुलाशी. फरशीवरून किंवा बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खालच्या अंगाला उलटं फिरतं, त्यात सापडलेली बोट बाहेर निघत नाही. तिथून उतरवायची तर वरच्या अंगाला चांगलं लांब, आणि इंजिन सुरू करूनच दोर सोडायचा.

अक्राणीचा
तुमची भांडणं सपाटीवरची. इकडे नर्मदेकाठी सरदार सरोवराचं पाणी डोंगराच्या पायाला लागलेलं आहे, रस्ताच नाही तर ट्रॉली कुठून येणार? आमच्या होड्या पाण्यातच राहतात, दवाखानासुद्धा तरंगता आहे. जिल्ह्याने एकच नमुना ठरवून सगळ्यांना वाटला तर आमच्या वाट्याची ट्रॉली अक्कलकुव्यात गंजेल. आम्हाला होड्या बांधायला तरंगता धक्का द्या.

वाघूरकाठी
मान्य, तुमच्याकडे धक्काच. मी तापी-वाघूरच्या पट्ट्याचं बोलत होतो. पांझराकाठ, दुसरी बोट आली तरी तीही काठावरच अडकणार, त्याचं काय?

पांझराकाठ
दोन्ही घ्या मग.

अनेरकर
ट्रॉली करा, पण ती तहसीलच्या आवारात उभी राहिली तर दोन उन्हाळ्यांत टायर तडकतील आणि विंच जाम होईल. कोणाच्या खळ्यात ठेवणार ते आधी सांगा.

यावलचा_ट्रॅक्टरवाला
माझ्या खळ्यात ठेवा. पण रात्री दोनला फोन आला तर डिझेलचे पैसे कोण देणार, हे लेखी पाहिजे.