सेवक असलेल्या पुढाऱ्याने सगळेच काम स्वतः करायचे का?

प्रश्न : गोदाकाठ

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या तरुण संघाची जबाबदारी गेल्या नाताळापासून माझ्याकडे आहे. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सर्वांचा सेवक व्हावे, ही बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली शिकवण लहानपणापासून कानावर पडलेली असल्यामुळे सतरंज्या अंथरणे, पेटी-तबला आणणे, प्रीतिभोजनाचा किराणा भरणे आणि रात्री पातेली घासणे, जे पडेल ते काम मी स्वतः करतो. वडीलजन कौतुक करतात. संघातली मुले मात्र नुसती येऊन बसतात आणि कार्यक्रम आटोपला की निघून जातात. परवा एका मुलाला प्रार्थना चालवायला सांगितले, तर ‘दादा, तुम्हीच चालवा, तुम्हाला छान जमते’ एवढेच तो म्हणाला. प्रभूने शिष्यांचे पाय स्वतः धुतले होते; मग सेवा आणि पुढारीपण यांचा मेळ कसा घालायचा, हे कृपया जाणत्यांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त सिस्टर

भाऊ, योहानाचा तेरावा अध्याय आपण पुढे वाचत जावा. पाय धुऊन झाल्यावर प्रभू पुन्हा जागेवर बसतो आणि शिष्यांना विचारतो की मी काय केले ते तुम्हाला समजले का. आणि मग तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत, असे सांगतो. म्हणजे ते काम त्याने स्वतःपाशी ठेवले नाही, ते त्याने त्यांच्या हाती दिले.

माझी नोकरी वॉर्डात गेली. नवी मुलगी पहिल्यांदा सलाईन लावायची तेव्हा तिचा हात थरथरायचा, शीर सापडायची नाही, पेशंटचे नातेवाईक माझ्याकडे बघायचे. अशा वेळी तिच्या हातून सुई घेणे सगळ्यात सोपे असते. आमच्या जुन्या मेट्रन मात्र हात मागे बांधून शेजारी उभ्या राहत आणि हळूच एवढेच म्हणत, ‘पट्टा जरा वर बांध, घाई करू नकोस.’ पेशंटला त्रास होऊ लागला तरच त्या पुढे होत. त्या मुलींपैकी कितीतरी जणी पुढे स्वतः वॉर्ड सांभाळू लागल्या. शेजारी उभे राहणे हीदेखील सेवाच आहे, आणि मला ती स्वतः राबण्यापेक्षा कठीण वाटते.

उत्तर : जामखेडकर

सिस्टरांनी सांगितले त्याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचे असे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवले, आणि 1970 साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावांत पाठवून पाहिल्या, पण त्या गावांत रुळल्या नाहीत. मग गावकऱ्यांनी आपल्यातलीच एक बाई निवडायची आणि डॉक्टरांनी तिला शिकवायचे, अशी रीत पडली. यांतल्या पुष्कळ बायका निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतल्या होत्या. अडलेली बाळंतीण वेळेत ओळखणे, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, मुलांची वजने करणे, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे हे सारे त्या शिकल्या आणि गावात परतून त्यांनी इतरांना शिकवले.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की डॉक्टरांनी आपले ज्ञानच वाटून टाकले. औषधाच्या गोळ्या वाटून माणूस दाता ठरतो आणि घेणारा पुन्हा दारात येतो. ज्ञान वाटले की घेणाऱ्याला आपली गरज उरत नाही, आणि हे सोसायला मन मोठे लागते. प्रशिक्षणाला आलेल्या निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करत. दुष्काळात हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला गेला, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथे यावे लागेल. या कामासाठी दोघांना 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल 2010 मध्ये आणि रजनीकांत 2011 मध्ये गेले, तरी काम चालू राहिले, कारण ते आधीच गावोगावच्या बायकांच्या हाती गेलेले होते.

उत्तर : केडगावची लेक

वरचे सगळे मान्य करूनही एक सावधगिरी सुचवते. काम सोपवणे आणि काम अंगावर टाकणे यांत फार अंतर आहे, आणि मंडळ्यांमध्ये दुसरा प्रकारच अधिक दिसतो. सतरंज्या आणि पातेली मुलांकडे द्यायची, पण वर्गणीचा हिशोब आणि कार्यक्रम ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवायचा, असे झाले तर मुले ते लगेच ओळखतात. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, न्यायनिवाड्याचेच काम वाटून द्यायला सांगतो; अवघड वाद तेवढे मोशेकडे यावेत, पण बाकीचे निर्णय इतरांनीच द्यावेत, असे तो म्हणतो.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्यांना केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ या आश्रमात नुसता आसरा देऊन त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम आणि छपाई त्यांना शिकवली. बायबलचे सोप्या मराठीतले भाषांतर रमाबाईंनी स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून केले, पण छपाईचे खिळे जुळवून ते छापण्याचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. स्वतःच्या आयुष्यातले सर्वांत प्रिय काम त्यांनी त्यांच्या हाती विश्वासाने दिले होते.

तेव्हा दादा, पुढच्या प्रीतिभोजनाचा बेत, खर्चाची मर्यादा आणि हिशोबाची वही दोन मुलांकडे द्या. एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर उत्तम. ज्याने प्रार्थनेला नकार दिला त्याला आधी एकच स्तोत्र वाचायला द्या आणि आदल्या संध्याकाळी त्याच्यासोबत बसून ते वाचा. भात करपला किंवा हिशोबात शंभर रुपये इकडेतिकडे झाले, तर वडीलजनांसमोर त्यांच्या बाजूने तुम्ही उभे राहा.