आवाज थांबवून पुन्हा लावला की 'टुक' होतं, पहिलं अक्षर गायब

जुनीकॅसेट (इंदूर)
मी निवृत्त शिक्षिका, रामबागेत राहते. आत्याच्या गप्पांच्या सहा कॅसेट 1996 मध्ये भरल्या होत्या, त्या लॅपटॉपवर उतरवून आता लिहून काढतेय. दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचं, लिहायचं. पण पुन्हा सुरू केलं की 'टुक' आणि पहिलं अक्षर खलास! 1926 साली तुकोजीराव होळकर महाराजांनी इंदूरची गादी सोडली ते सांगतेय बिचारी, आणि मला ऐकू येतं 'टुक... कोजीराव'. लॅपटॉप जेल रोडवर दुरुस्तीवाल्याला दाखवला, तो म्हणे स्पीकर बदला. हेडफोनमध्येही तेच, मग स्पीकर कशाला? ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स मिंट 22 आहे.

रात्रपाळी
काकू, एक पैसा देऊ नका. किती सेकंद थांबल्यावर टुक येतं, मोजाल?

जुनीकॅसेट
पाचपर्यंत काही नाही. सात मोजले की हमखास.

रात्रपाळी
सापडलं. पाच सेकंद शांतता झाली की वायरप्लंबर (आवाजाची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) साउंड कार्ड सोडून देतो. मग कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) ड्रायव्हर वीज वाचवायला आवाजाची चिप झोपवतो. टुक हा तिच्या उठण्याचा आवाज, आणि ती उठेपर्यंत पहिलं अक्षर निघून जातं. ड्रायव्हर आहे एसएनडी-एचडीए-इंटेल (नावावर जाऊ नका, एएमडीच्या मशीनवरही हाच असतो). 'सिस' फोल्डरात मॉड्यूल, मग ड्रायव्हरचं नाव, मग पॅरामीटर्स, त्यात पॉवर-सेव्ह नावाची फाइल. आकडा काय दिसतो? तिथे 0 लिहिलं की झोप बंद.

जुनीकॅसेट
1 आहे. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून इकोने 0 लिहायला गेले तरी परमिशन डिनाइड!

रात्रपाळी
सुडो फक्त इकोला लागू होतं. फाइल उघडतं तुमचं साधं शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम), त्याला तो अधिकार नाही. इकोचं आउटपुट पाइपने (| या चिन्हाने) 'सुडो टी'कडे द्या, ते अधिकारासह फाइलमध्ये लिहितं.

बडोद्याचा_बंड्या
हे रीस्टार्टपर्यंतच टिकणार. मॉडप्रोब-डी या ड्रायव्हर-सेटिंगच्या फोल्डरात ऑप्शन्सची ओळ टाका, विषय संपला.

जुनीकॅसेट
टाकली. रीस्टार्ट केलं, पुन्हा 1. मी काही चुकले का?

रात्रपाळी
बॅटरी वाचवणारा टीएलपी नावाचा प्रोग्रॅम कोणी टाकून दिलाय का?

जुनीकॅसेट
भाच्याने! दिवाळीत आला होता तेव्हा.

रात्रपाळी
टीएलपीच तुमच्यामागून येऊन 1 करतो. 'ईटीसी' फोल्डरातल्या टीएलपी-कॉन्फ फाइलमध्ये साउंड-पॉवर-सेव्हच्या दोन ओळी आहेत, एक चार्जरची, एक बॅटरीची. दोन्हींपुढचा हॅश (#) काढून 0 करा. एकच केलीत तर लाइट गेली की टुक परत.

बडोद्याचा_बंड्या
टीएलपीचं लक्षात आलं नाही, मान्य.

जुनीकॅसेट
दोन्ही केल्या, चार्जर काढून-लावून पाहिलं. तुकोजीराव अख्खे आले! बॅटरी थोडी लवकर उतरेल, उतरू दे. चौथ्या कॅसेटमध्ये मात्र अजून कट-कट येतंय, म्हणून परत लिहायलाच बसले होते. मग नीट ऐकलं. आत्याचा अडकित्ता आहे.