सिकलसेल: आईवडील ठणठणीत, मग आजार कोणाकडून आला?

वैनगंगाकाठची:
माझा धाकटा भाऊ सिकलसेलग्रस्त आहे. त्याच्या अहवालात ‘एसएस पॅटर्न’ असे लिहिलेले आहे. आईवडिलांना मात्र कधीही कसलाच त्रास झालेला नाही. आत्या आईच्या माहेराला दोष देतात, तर मामा वडिलांच्या घराण्याला. आता माझ्या लग्नाची बोलणी सुरू होणार आहेत. मी ठणठणीत असताना तपासणी कशाला, असे घरच्यांचे म्हणणे आहे. माझ्यात हा दोष असण्याची शक्यता किती?

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक:
आजार दोघांकडून आलेला आहे, त्यामुळे हा वाद मिटवून टाकावा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते आणि त्याची एक प्रत आईकडून, तर एक वडिलांकडून मिळते. या जनुकातील एका बदलामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते व प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. एकच प्रत सदोष असेल तर दुसरी काम निभावून नेते. अशी व्यक्ती ‘एएस’, म्हणजे वाहक. दोन्ही प्रती सदोष असतील तर ‘एसएस’, म्हणजे आजारी. आपले आईवडील बहुधा दोघेही वाहक आहेत. तसे असल्यास त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब साफ चुकीचा आहे, कारण प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते.

आपल्याला आजार नाही असे धरले, तर चारपैकी एक शक्यता बाद होते. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या आहेत. म्हणून आपण वाहक असण्याची शक्यता निम्मी नसून दोन तृतीयांश आहे. आणि वडील वाहक असतील तर त्यांच्या बहिणीही वाहक असू शकतात, म्हणून आत्यांनीही तपासणी करून घेतलेली बरी.

प्रयोगशाळेतला:
ग्रामीण रुग्णालयात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. बोटाच्या टोकावरचे थेंबभर रक्त द्रावणात मिसळून नळीमागे रेघांचा कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर चाचणी पॉझिटिव्ह. मात्र एएस आणि एसएस या दोन्हींत द्रावण गढूळच होते. म्हणून तेवढ्यावर न थांबता इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करून घ्यावी.

वर्धेकर:
वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे आणि तेवढ्यावरून लग्न मोडण्याचे काहीच कारण नाही. जोडीदाराच्या दोन्ही प्रती निर्दोष असतील, तर मुले फार तर वाहक होतील, एसएस होणार नाहीत. एक गोष्ट मात्र हमखास सुटते. जोडीदाराचा अहवाल ‘सिकलसेल निगेटिव्ह’ असला, तरी तो बीटा थॅलसेमियाचा, म्हणजे बीटा साखळी कमी तयार होण्याच्या आनुवंशिक दोषाचा, वाहक असू शकतो. आपण एएस असल्यास मुलाला एकाकडून सिकलसेलचे आणि दुसऱ्याकडून थॅलसेमियाचे जनुक मिळण्याची शक्यता २५ टक्के असते व त्यातून होणारा आजार काही वेळा एसएसइतकाच त्रासदायक ठरतो. म्हणून जोडीदाराचीही एचपीएलसी करून ‘एचबी ए-टू’ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचे प्रमाण पाहावे; थॅलसेमियाच्या वाहकात ते वाढलेले असते. दोघेही वाहक निघाल्यास गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासून गर्भाचा पॅटर्न कळतो, परंतु त्यासाठी लग्नानंतर लगेच जनुकीय समुपदेशकांना भेटून दोघांचे अहवाल तयार ठेवावे लागतात.