मदत हवी आहे: मुक्त गोठा केल्यापासून दुधाचं एसएनएफ ८.१ वर अडकलंय

नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यात आमच्या सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई, त्यातल्या पाच दुधात, वेताचा तिसरा-चौथा महिना, प्रत्येकी १४-१५ लिटर. दिवाळीनंतर दावणीला बांधणं सोडून मुक्त गोठा केला. गाई निवांत रवंथ करत बसतात, पण डेअरीच्या पावतीवर फॅट ३.६ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.१. पूर्ण दर फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ ला, म्हणजे रोजची कपात.

पाणी मिसळता का, हे कृपया विचारू नका. धार आई काढते, तिला हे विचारायची माझी हिंमत नाही! दुसऱ्या संकलन केंद्रावर नमुना दाखवला, आकडा तोच. सीएमटीत (कासदाह ओळखायची चाचणी) एकीच्या मागच्या डाव्या सडाचं दूध घट्ट आलं. तिचं दूध वेगळं ठेवून उपचार चालू आहेत. मिनरल मिक्श्चर दोन महिने देतोय.

गाईमागे रोज मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) १५ किलो, नेपियर गवत १०, सोयाबीनचा भुसा ३, सरकी पेंड २, गोळी पेंड ३. मुरघास मेपर्यंत पुरवायचाय, तो वाढवता येणार नाही.

डॉक्टर म्हणतात, ऊर्जा कमी पडतेय. मग मका भरडा सरकी कमी करून द्यावा की वरून? किती, आणि फरक किती दिवसांत दिसतो?