मुलांना सिम्फनीला नेणं हे चोचले? (खर्जप्रेमींना उत्तर, जरा लांबलंय)

तिसरी_घंटा
खर्जप्रेमींनी काल लिहिलं की फॅमिली कॉन्सर्ट, म्हणजे मुलांना घेऊन ऐकायच्या ऑर्केस्ट्राच्या मैफली, आईबापांच्या फोटोंसाठी असतात, आणि ज्या पोराला यमन ओळखता येत नाही त्याला बासून (ऑर्केस्ट्रातलं खर्जातलं लांब फुंकवाद्य) दाखवून काय उपयोग. दोन ओळींत उत्तर देणार होते, राहवलं नाही.

लेक सात वर्षांची. घरी मोबाईलवर 'पीटर अँड द वुल्फ' (ऑर्केस्ट्रातून सांगितलेली मुलांची गोष्ट, प्रत्येक पात्राला एक वाद्य) लावलं तर पाचव्या मिनिटाला खाली खेळायला पळते. प्रत्यक्षात नेलं, तर लांडगा सोडून ती हॉर्न हे पितळी वाद्य फुंकणाऱ्याकडेच बघत बसली. त्याने नळी काढून उलटी केली, झटकली. "आई, थुंकी?" म्हटलं, वाफेचं पाणी गं. मग दुसरा प्रश्न: सगळ्या व्हायोलिनवाल्यांचे गज एकदम वर, एकदम खाली, ह्यांना कळतं कसं? हे स्पीकरमधून दिसतं का? रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हने 1936 मध्ये मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी हे लिहिलं ते ह्याचसाठी. पक्षी बासरी, बदक ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा बासून. यमनाची अट नव्हती.

खर्जप्रेमी
अट नाही हो, क्रम. रमणबागेत सवाई रात्रभर चालायचा तेव्हा मी सतरंजीवर, आजीच्या मांडीवर झोपलोय आणि पहाटे भीमसेनजींच्या आवाजाने उठलोय. कोणी 'शूऽऽ' केलं नाही. तुमच्याकडे पोराला शिंक आली तरी पुढची रांग वळून बघते. आणि मुंबईच्या ऑर्केस्ट्राचं नाव सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, वादक बघावेत तर कितीतरी कझाकस्तानचे!

पाववाला_नाही_वडापाववाला
आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत येतो तो. बाबांच्या खांद्यावर बसून अ‍ॅकॉर्डियन पाहिलंय, तीच माझी फॅमिली कॉन्सर्ट.
बाकी शूऽऽबद्दल +१. एकदा सिम्फनीचा पहिला भाग संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या; सगळे भाग संपेपर्यंत वाजवायच्या नसतात म्हणे. अख्ख्या सभागृहात एकटा. बायको अजून सांगते लोकांना.

बार्देशकर
कझाक दिसले, गोंयकार नाही दिसले? माझे आजोबा चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्य सा-रे-ग-म) शिकले आणि मुंबईत येऊन आयुष्यभर फिल्मी रेकॉर्डिंगांत व्हायोलिन वाजवलं. तबकडीवर नाव कधी आलं नाही. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत भरून आलेली व्हायोलिनं ऐकून तुम्ही डोळे पुसता ना, ती लिहून काढणारे सेबॅस्टियन डिसोझा. अँथनी गोन्साल्विस हे नाव तुम्हाला गाण्यातून माहीत, तो माणूस प्यारेलालजींचा व्हायोलिनचा गुरू. ह्याच गोन्साल्विसनी 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आतल्या चौकात रागांवर बांधलेल्या रचना अख्ख्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतल्या, गायला लताबाई आणि मन्ना डे. यमन आधी की बासून आधी, हा वाद तेव्हाच मिटायला हवा होता. पण नाही, दर वेळी आम्ही 'बाहेरचे'.

खर्जप्रेमी
बाहेरचे कोण म्हणालं? शब्द तोंडात घालू नका.

बार्देशकर
'तुमच्याकडे' कोण म्हणालं? वर वाचा.

पाववाला_नाही_वडापाववाला
मुलं राहिली बाजूला.

अर्धमात्रा
तिसरी_घंटा, लांडगा आणि बदकात अडकू नका. त्याच 1958 साली न्यूयॉर्कमध्ये संगीतसंचालक बर्नस्टाईनने मुलांसाठीच्या आपल्या पहिल्या टीव्ही कार्यक्रमात रोसिनीचं 'विल्यम टेल' वाजवून विचारलं, हे कशाबद्दल आहे? पोरं ओरडली, लोन रेंजर! कारण टीव्हीवरच्या त्या मालिकेची हीच धून. तो म्हणाला, नाही, संगीत कुठल्याच गोष्टीबद्दल नसतं, सुरांबद्दल असतं. तुम्ही मुलीला गोष्ट ऐकवून आणलीत.

तिसरी_घंटा
बरं, मान्य. गोष्ट हा चॉकलेटचा कागद आहे. पण ती हॉर्नचं पाणी बघत होती, लांडगा नव्हे, हे मी वरच लिहिलंय. आणि वळून बघणाऱ्यांबद्दल खर्जप्रेमी बरोबर आहेत, असं नाइलाजाने म्हणते. एका हॉलमध्ये 'फॅमिली' म्हणून तिकीट विकलं आणि धाकट्याला दारातच अडवलं, सहा पूर्ण नाहीत म्हणून. नवरा दीड तास त्याला बाहेर फिरवत बसला. मग फॅमिली कुणाची?

खर्जप्रेमी
चला, एक तरी मुद्दा पटला. भाचीला आणीन एकदा. तिकीट तुमचं. मधेच टाळी वाजवली तर मी तिला ओळखत नाही.

बार्देशकर
माझ्या आजोबांवर कोणी एक अक्षर बोललं नाही. नेहमीचंच.