फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड वेगळे का झाले?

प्रश्न : मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन १८४३ मध्ये स्कॉटलंडचे प्रस्थापित चर्च सोडून फ्री चर्चमध्ये गेले. दोन्ही प्रेस्बिटेरियनच (बिशपऐवजी वडीलधाऱ्यांच्या सभांनी कारभार चालवणारा प्रोटेस्टंट पंथ) असताना फूट कशावरून पडली?

प्रतिसाद १ : वाद धर्मतत्त्वापेक्षा नेमणुकीचा होता. पाळक (चर्चचे धर्मगुरू) नेमण्याचा हक्क १७१२ च्या कायद्याने जमीनदार आश्रयदात्यांकडे गेला होता. १८३४ मध्ये चर्चच्या महासभेने मंडळीला, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांना, नकाराधिकार दिला, परंतु न्यायालयांनी तो बेकायदा ठरवला. अखेर १८ मे १८४३ रोजी विरोधी पक्षाचे नेते थॉमस चाल्मर्स व त्यांचे सहकारी एडिनबरोतील महासभेतून उठून गेले आणि सुमारे १२०० पैकी ४७४ पाळकांनी वेतन व राहत्या घरावर पाणी सोडले. तत्त्वासाठी इतकी किंमत मोजणारे विरळाच!

प्रतिसाद २ : अशा रीतीने जन्मलेल्या फ्री चर्चच्या वाढीचे श्रेय चाल्मर्स यांच्या निधियोजनेला द्यावे लागेल, कारण सभासदांच्या नियमित वर्गणीतून उभ्या राहिलेल्या मध्यवर्ती निधीमुळे गरीब मंडळ्यांचेही पाळक टिकले. भारतातील स्कॉटिश मिशनरीही याच पक्षाला मिळाले.

प्रतिसाद १ : गंमत म्हणजे ज्या आश्रयदात्यांच्या हक्कावरून हे घडले, तो १८७४ मध्ये रद्दच झाला. १९०० मध्ये बहुसंख्य फ्री चर्च दुसऱ्या प्रेस्बिटेरियन चर्चशी एकत्र आले. मूठभर मात्र जुन्या नावानिशी वेगळे राहिले आणि १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालय) फ्री चर्चची मालमत्ता त्यांनाच दिली. पुढच्याच वर्षी संसदेला कायदा करून तिची वाटणी करावी लागली.