क्यू असलेले इंग्रजी शब्द हवेत, मराठी अर्थासकट (रविवारच्या आत!)

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिली, प्रश्न थोडा बालिश वाटेल पण मी खरंच अडकलीये.

आमच्याकडे दर रविवारी जेवणं आटोपली की स्क्रॅबल (इंग्रजी अक्षरांचे ठोकळे जोडून शब्द करायचा खेळ) मांडतात, मी, वहिनी आणि नववीतला भाचा. घरचा नियम असा की शब्द टाकला तर त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, नाही आला तर ठोकळे उचला. नियम माझ्या आईचा, तिला इंग्रजी फारसं येत नाही पण बाजूला दाणे सोलत बसून ती बरोबर पकडते. गेल्या रविवारी माझ्याकडे क्यू आला आणि यू एकही नाही. अख्ख्या डब्यात १०० ठोकळे, त्यात क्यू एकच आणि यू फक्त ४, त्यातले तीन आधीच लागलेले. कुठेतरी वाचलेलं आठवून मी क्यू-आय लावलं आणि "ची" म्हणाले. भाचा म्हणतो, आत्या अर्थ सांग. मी म्हटलं चायनीज काहीतरी आहे. आई म्हणाली, काहीतरी म्हणजे काय, चटणी का? उचलावे लागले. शेवटी क्यू हातातच राहिला, १० गुण वजा, आणि भाचा आधी सुटला म्हणून तेच १० त्याला मिळाले. सात गुणांनी हरले.

तर क्वीन, क्विक, क्वेश्चन नको, ते पहिलीतल्या पोरालाही येतात. यू नसताना चालतील असे सांगा, आणि थोडे विचित्र पण सांगा, फक्त अर्थ आईला एका वाक्यात पटला पाहिजे. उच्चार पण सांगा बाप्पा, मागे क्यू-यू-ए-वायला मी "क्वे" म्हटलं तर भाचा किती वेळ हसून राहिला होता.

ठोकळेबहाद्दर:
ताई, "ची" सोडू नका. चिनी विचारात शरीरात वाहणारी जीवनशक्ती, आपण प्राण म्हणतो ना साधारण तसंच, आईला एवढं पुरे. क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात पडला आणि आडवं-उभं दोन्हीकडे "ची" झालं तर ३१ अधिक ३१ म्हणजे ६२ गुण होतात, दोन ठोकळ्यांत!

बाकी यू नसलेले शब्द शोधायला लांब जाऊच नका, अर्धे तुमच्या आईला आधीच माहीत आहेत. अरबीत घशातून काढायचा एक "क" आहे, तो इंग्रजी लिपीत क्यूने दाखवतात, त्यामुळे फकीर, तलाक, काझी ही आपली रोजची मंडळी तिकडे क्यू लावून बसलीत. फकीर म्हणजे एफ-ए-क्यू-आय-आर, तलाकच्या शेवटी के नाही क्यू, काझी क्यू-ए-डी-आय. दोन जागी मात्र फसाल. क्यू-ए-टी म्हणजे पानातला कात नाही, येमेनमध्ये लोक तासन् तास गालात धरून चघळतात ती पानं (तिकडचा खर्रा म्हणा ना). आणि क्यू-ए-एन-ए-टी ही मांडवाची कनात नाही, जमिनीखालून उताराने पाणी आणायचा बोगदा, मधे मधे विहिरीसारखी तोंडं असलेला. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिला असेल तर तेच ते.

संत्राबाग:
विचित्र पाहिजे तर क्विनकन्क्स घ्या. फाशावरचे पाच ठिपके कसे असतात, चार कोपऱ्यांत चार आणि मधात एक, त्या मांडणीला म्हणतात. मला हा शब्द डिक्शनरीत नाही तर ॲग्रीच्या पुस्तकात भेटला, कारण बाग लावायची एक पद्धतच आहे या नावाची. आमच्या काटोलकडे संत्रा ६ बाय ६ मीटरवर लावतात, त्या चौकोनाच्या मधोमध पपईसारखं लवकर येऊन लवकर जाणारं झाड घातलं की झालं क्विनकन्क्स. पण यात यू दोन लागतात आणि अक्षरं आठ, हातात सातच ठोकळे, म्हणजे एक अक्षर बोर्डवर पाहिजेच. आईला मात्र नक्की पटेल.

मावशीबोली:
क्यू-यू-ए-वायचा उच्चार "की", चावीसारखा. अर्थ बोटी लागतात तो धक्का, मुंबईत भाऊचा धक्का आहे ना, तो. आपल्याकडे समुद्रच नाही तर आपण कुठून म्हणणार.

माझे आवडते दोन. क्विडनंक, लॅटिनमधे "आता काय?", म्हणजे सारखं काय झालं काय झालं विचारत फिरणारा, आपला चोंबडा. मला तर आमच्या सोसायटीतली तीन नावं लगेच सुचली 😄 आणि क्विस्लिंग म्हणजे फितूर. नॉर्वेचा क्विस्लिंग दुसऱ्या महायुद्धात नाझींना सामील झाला, १९४५ मधे त्याला गोळ्या घातल्या, नाव मात्र शिवी होऊन राहिलं. आपण सूर्याजी पिसाळ म्हणतो तसंच, आईला दुसरं काही सांगायची गरजच नाही. आणि क्वायर विसरू नका, कागदाचा दस्ता, २४ किंवा २५ ताव, वीस दस्त्यांचं एक रीम.

धागाकर्ती:
अरे वा, दस्ता! बाबा सीताबर्डीवरून "दोन क्वायरचं रजिस्टर" आणायचे, मला वाटायचं ते कंपनीचं नाव आहे. सगळ्यांचे आभार. आईला आत्ताच चाचणी म्हणून क्विडनंक सांगितला, तर ती म्हणे हा शब्द तुझ्या काकूसाठीच केलेला दिसतो, म्हणजे पास. फकीर-तलाकवर मात्र ती अडून बसलीये, म्हणते हे तर आपलेच शब्द, इंग्रजीच्या खेळात चालतील कसे. डिक्शनरी उघडून दाखवली तरी ऐकून नाही राहिली. तिला कसं पटवू तेवढं सांगा कोणीतरी.